फाटलं कसं, हे विचारायचं नाही

माणूस मेल्यावर देव त्याला नेमकं काय विचारतो, याची आमच्या गल्लीत छापील यादी मिळत असे. एकवीस प्रश्न, पाठपोट एक पान, जाड कागद. ती तयार केली होती मास्तरांनी. छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ. नोकरीभर त्यांनी मुलांना परीक्षेत काय येणार ते आधी सांगितलं होतं आणि त्यातलं बरंचसं आलंही होतं. तेव्हा निवृत्तीनंतर त्यांनी त्याहून मोठी परीक्षा हातात घेतली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. जुन्या प्रश्नपत्रिका चाळाव्यात तसे त्यांनी निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ चाळले, कोणता प्रश्न किती वेळा येऊन गेला याचा तक्ता मांडला आणि हमखास येणाऱ्यांपुढे चांदणी काढली. लोक ती यादी औषधांच्या डब्यात ठेवत. जिन्यात गाठ पडली की मास्तर तब्येतीची चौकशी करत आणि मग त्याच सुरात विचारत, "अकरावा झाला का?" ज्यांची तब्येत जास्तच बिघडलेली असे, त्यांना ते फक्त चांदणीवाले करायला सांगत.

त्यांच्या थोरल्या वहिनींनी त्या यादीच्या चार घड्या करून तिच्यात सुया टोचून ठेवल्या होत्या. "कागद चांगला आहे," त्या म्हणत. "सुया गंजत नाहीत."

या वहिनींना गल्लीत सगळे रफूमावशी म्हणत. वय अडुसष्ट. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तळमजल्यावर दोन खोल्या. मागच्या खोलीत दीर आणि त्यांचे ग्रंथ, पुढच्या खोलीत मावशी आणि लोकांचे फाटके कपडे. खिडकीला लागून टेबल, टेबलावर दांडीचं भिंग आणि भरदिवसाही जळणारा एक दिवा. स्वयंपाक दोघांचा एक होता, मतं वेगळी शिजत.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे इथे सांगून टाकतो, कारण मावशी ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. ठिगळ वरून लावतात. रफू करणारा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो, भोकावर आधी उभे ताणतो, मग आडवे, एक वरून एक खालून असे विणत नेतो. भोकाच्या दोन्ही बाजूंना धड कापडात बोटभर शिरल्याशिवाय थांबत नाही. शेवटी तिथे भोक होतं हे कपड्यालाही आठवत नाही. या धंद्यात नाव होतं ते काम दिसत नाही म्हणून. चाळीस वर्षांत मावशींनी जे काही केलं त्यातलं कुणाला दाखवण्यासारखं काहीच नव्हतं आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. मास्तरांच्या यादीतला पहिलाच प्रश्न होता, "जन्माला येऊन काय केलंस?" तो ऐकून मावशी म्हणाल्या होत्या, "त्यालाच शोधू दे. सापडलं तर मी नापास."

हा धंदा त्यांना सासूबाईंनी शिकवला, म्हणजे मास्तरांच्या आईने. सासूबाई फार बोलत नसत. सून कामाला बसली त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि मग वर्षभर फक्त टोचून बोलल्या. पहिली गोष्ट अशी की, फाटलं कसं हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. कपडे नवराबायकोच्या भांडणात फाटतात, कुंपणावरून उड्या मारताना फाटतात, जिथे असायला नको तिथे असताना फाटतात. "डॉक्टरला विचारावं लागतं, त्याला औषध द्यायचं असतं. आपल्याला भोक बुजवायचंय." दुसरी गोष्ट अशी की, कापडाच्या उलट्या बाजूला शेवटच्या धाग्याचं गव्हाच्या दाण्याएवढं टोक सोडायचं. वरून कुणाला काही दिसता कामा नये, पण आतून पुढच्या माणसाला वाट सापडली पाहिजे. उद्या उसवायची वेळ आली तर त्याने सुरुवात कुठून करायची?

मावशींनी पहिली गोष्ट चाळीस वर्षं पाळली. दुसरी एकोणचाळीस.

आमच्या गल्लीच्या टोकाला पुठ्ठ्याचा कारखाना आहे. तिथल्या कामगारांचे जाड सुती कोट फाटले की ते मावशींकडे येत. महिन्याला पंधरा-वीस. मावशींचं घर त्यावरच चाले, बाकीचं किरकोळ. एका गुरुवारी दुपारी कारखान्याचा स्टोअरवाला एकच कोट घेऊन आला. एरवी तो गाठोडं टाकून निघून जाई. त्या दिवशी उभा राहिला.

"खिळ्याला अडकला," तो म्हणाला.

मावशींनी विचारलं नव्हतं.

कोट धुतलेला होता, अजून ओलसर. उजव्या बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत फाटलेलं होतं, तेही सरळ नाही, फळाची साल काढावी तसं गोल फिरत वर गेलेलं. स्टोअरवाला म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, अगदी नव्यासारखा झाला पाहिजे. आतून बघितलं तरी कळता कामा नये. मी त्यांना म्हटलं, असं काम करणारं माणूस या गावात एकच आहे."

मावशींची ही दुखरी जागा होती. त्यांची स्तुती कुणी करत नसे, कारण करायला काही दिसतच नसे. मावशी दोन दिवस त्या बाहीवर बसल्या. दुमडीतले धागे न विटलेले, म्हणून गडद होते. ते त्यांनी सोड्याच्या गरम पाण्यातून काढून, उन्हात विटवून बाहीच्या रंगाला आणले. शेवटचा धागा ओवून झाल्यावर त्यांनी कोट उलटा केला, भिंगाखाली धरला आणि सोडलेलं टोक कात्रीने मुळापासून उडवलं. आतूनही नाही म्हणजे नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी कारखान्यात अपघात झाला होता. मोठ्या रोलरवर काम करणारा माणूस हात आत ओढला जाऊन दगावला होता. गल्लीतलाच, तीन घरं पलीकडचा. मावशी बुधवारी त्याच्या दारात जाऊन बसून आल्या होत्या. गुरुवारी कोट आला.

"तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. मावशी पहिल्या खेपेला म्हणत, "माझ्याकडे महिन्याला वीस कोट येतात." मग थोडं थांबून म्हणत, "आलं होतं."

सात महिन्यांनी त्या माणसाची बायको मावशींकडे आली. आपला जुना स्वेटर घेऊन आली होती, कोपरावर विरलेला. मावशींनी तो उजेडात धरला. ती जायला उठेना.

"मावशी, मास्तर आहेत का?"

"आहेत की. का गं?"

"सातव्या प्रश्नाबद्दल विचारायचं होतं."

मास्तर आतून लगबगीने आले. सातव्यात कुणी रस घेतल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. त्यांनी तो तोंडपाठ म्हटला, "मिळालेला देह तू निष्काळजीपणाने वाया घालवलास का?"

"त्याला चांदणी आहे का?"

"आहे. दोन ग्रंथांत जवळजवळ त्याच शब्दांत आहे."

बाईने पदरातून एक घडी केलेला कागद काढला. कारखान्याचा अहवाल. त्यात लिहिलं होतं की मयत कामगाराने नियमाप्रमाणे दिलेला घट्ट बाह्यांचा कोट कामाच्या वेळी अंगात घातलेला नव्हता. सदर कोट त्याच्या कपाटात सुस्थितीत टांगलेला आढळला. सबब मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

"तोच शब्द आहे, मास्तर. निष्काळजीपणा. इथलं लिहिलेलंच तिथे वाचतात ना? तुम्ही मागे म्हणाला होतात." ती शांतपणे बोलत होती, शाळेत प्रवेशाची चौकशी करावी तसं. "भरपाईचं वकील बघेल, मिळेल, न मिळेल. पण हे थंडीला भारी कच्चे. कोट घरीसुद्धा काढायचे नाहीत. मी ओरडायचे, जेवताना तरी काढा. आणि त्या दिवशी नेमका काढला? मला काही पटत नाही. पण कोट धड आहे. मी स्वतः बघितला. बाही पालथी घालून बघितली."

मावशी स्वेटरकडे बघत होत्या.

"सोमवारी कामगार कचेरीत शेवटची सुनावणी आहे," बाई म्हणाली. "त्यानंतर हेच कायम होणार. मग वर त्यांना विचारलं तर ते काय सांगतील, मास्तर? त्यांना बोलता येत नाही फारसं. कुणी मोठ्या आवाजात विचारलं की हो म्हणून मोकळे होतात."

मास्तरांनी प्रथमच एका विद्यार्थ्याला उत्तर न देता चष्मा पुसला. बाई गेली. तिच्या मागे दार लागायच्या आत मावशी म्हणाल्या, "भाऊजी, तो कोट मी शिवलाय."

मास्तर खुर्चीत बसले. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं. गुरुवार, ओलसर कोट, सालीसारखं फाटलेलं, उडवलेलं टोक.

"तुम्हाला काय माहीत कुठला कोट होता ते," मास्तर म्हणाले.

"खिळ्याला अडकलं की कापड काटकोनात फाटतं. धाग्यांची टोकं पिंजारतात. याची चपटी झाली होती, वरवंट्याखाली आल्यासारखी. मला फाटलेलं वाचता येतं, भाऊजी. तुम्हाला गणित येतं तसं."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"सोमवारी जाते आणि सांगते."

"वहिनी, तुम्ही जाणार नाही."

"का?"

मास्तरांजवळ कारणं भरपूर होती आणि ती त्यांनी क्रमाने दिली. कारखान्याचं काम बंद होईल. लोक म्हणतील, हिच्याकडे कपडा दिला की ही कचेरीत जाऊन सांगते. गल्लीतलं पुन्हा कुणी दार वाजवायचं नाही. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. साक्षीत टिकाव लागेल का? "आणि आईने तुम्हाला काय शिकवलं होतं? विचारायचं नाही. विचारायचं नाही म्हणजे सांगायचंही नाही."

"सासूबाईंनी टोक सोडायलाही शिकवलं होतं. ते मी कापलं. एक मोडल्यावर दुसरं कशाला कवटाळून बसू?"

"मग देवाजवळ कबूल करा. मनातल्या मनात. चौदावा प्रश्न तोच आहे, कबुली. पूर्ण गुण मिळतात."

"देवाजवळ सांगितलं तर कोट फाटेल का?"

मास्तरांनी यादीतला चौदावा पुन्हा वाचून बघितला.

"तुमच्या देवाने मला बोलावलं की मी जाईनच, नाही म्हणून सांगते कुणाला," मावशी म्हणाल्या. "पण वर गेल्यावर माझ्या हातात काय असणार? कोट इथे, सुई इथे. तिथे नुसतं तोंड. तोंडाने मी आजवर काही शिवलेलं नाही. अर्ज तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मास्तरांनी निषेध नोंदवून अर्ज लिहिला. मावशींची दोन वाक्यं लांब होती, ती त्यांनी तोडली. 'मजकडून' हा शब्द घालावा की नको यावर दहा मिनिटं गेली. अर्ज शनिवारी दिला गेला आणि शनिवारीच दुपारी स्टोअरवाला रिकाम्या हाताने दारात आला.

"साहेब विचारत होते, मावशींची तब्येत कशी आहे."

"त्यांना सांग, सोमवारी समोरच बसणार आहे. बघून घ्या म्हणावं."

"डोळ्यांचं कसं आहे, असंही विचारलं."

"तुझा शर्ट खांद्यावर उसवलाय," मावशी म्हणाल्या. "एवढं दिसतं."

कामगार कचेरीतली सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, सात खुर्च्या, त्यातल्या दोन बिनहाताच्या, फिरताना टकटक आवाज करणारा पंखा आणि प्लॅस्टिकचा पाण्याचा जग. मास्तरांनी वहिनींना जिना चढवून आणलं. आपण केवळ दंडाला धरायला आलो आहोत, असं त्यांनी पट्टेवाल्यालाही सांगितलं. चौकशी अधिकारी पन्नाशीचा, पोटाच्या तक्रारी असलेला माणूस होता. दर थोड्या वेळाने तो गोळी चघळी. एका बाजूला मॅनेजर आणि स्टोअरवाला, दुसऱ्या बाजूला ती बाई. टेबलाच्या मधोमध कोट.

मावशींनी सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

"दाखवा," तो म्हणाला. "कुठे फाटला होता?"

मावशींनी उजवी बाही हातात घेतली. भिंग लावलं. बाही उलटी केली, पुन्हा भिंग लावलं. मग भिंग बाजूला ठेवून बोटांनी चाचपत मनगटापासून कोपरापर्यंत गेल्या, परत आल्या. पंखा टकटक करत होता. त्यांना काही सापडलं नाही.

चाळीस वर्षांत त्यांनी यापेक्षा चांगलं काम केलं नव्हतं.

"या वयात होतं असं," मॅनेजर समजूतदारपणे म्हणाला. "आमच्याकडून शेकडो कोट जातात त्यांच्याकडे. एखादा आठवत असेल. आम्हाला मावशींबद्दल आदरच आहे. साहेब, मला वाटतं आपण त्यांना आणखी त्रास देऊ नये."

बाई मावशींकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि हेच मावशींना झेपेना. सात महिन्यांपूर्वी तीच बाही पालथी घालून ती अशीच बघत बसली असणार.

"आजी, सापडतंय का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "मी टोक कापलंय. मला पाणी द्या."

पट्टेवाल्याने ग्लास पुढे केला. मावशींनी रुमाल त्यात बुडवला, पिळला आणि पूर्ण बाही वरपासून खालपर्यंत सारखी ओली केली. उलटीकडूनही केली. मग बाही टेबलावर सपाट पसरली.

"आता?" अधिकारी म्हणाला.

"आता वाळू दे."

"किती वेळ?"

"पंखा बरा आहे. पाऊण तास."

"हे काय चाललंय?" मॅनेजर म्हणाला.

"रफू केलेल्या जागी धाग्यावर धागा असतो, साहेब. धड कापडात बोटभर शिरलेला असतो. दिसत नाही, पण पाणी जास्त पितो. सगळं वाळलं तरी तेवढं ओलं राहतं." मावशी खुर्चीत मागे टेकून बसल्या. "मला नाही सापडलं, तर ते आपणहून वर येईल. तुम्हाला घाई असेल तर जा. कोट इथेच राहील."

सरकारी कचेरीत एक अधिकारी, एक मॅनेजर, एक स्टोअरवाला, एक विधवा आणि एक निवृत्त गणितशिक्षक एका बाहीचं वाळणं बघत पाऊण तास बसले. अधिकाऱ्याने एक गोळी चघळली. मॅनेजर दोनदा फोन घ्यायला बाहेर गेला. दुसऱ्या खेपेला जरा जास्तच वेळ लागला. मास्तर मनातल्या मनात काहीतरी म्हणत होते. प्रार्थना असावी, किंवा पाढे. अर्ध्या तासाने बाहीचा खांद्याकडचा भाग वाळला. मग मनगटाची पट्टी सोडून बाकीची कड. चाळीस मिनिटांनी स्टोअरवाल्याने मान खाली घातली, कारण त्याला ते सगळ्यांच्या आधी दिसलं.

फिकट वाळलेल्या कापडावर एक गडद ओली रेघ. मनगटापासून निघालेली, गोल फिरत वर गेलेली, कोपरापाशी थांबलेली.

अधिकारी खुर्चीतून उठून टेबलापाशी आला आणि बराच वेळ वाकून उभा राहिला.

"ही पाण्याचीही रेघ असू शकते," मॅनेजर म्हणाला. त्याला तसं वाटत नव्हतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"असू शकते," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून चार घड्यांचा जाड कागद काढला आणि त्यातली एक सुई उपटली.

"हा कागद काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"प्रश्नपत्रिका."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

सुईच्या टोकाने मावशींनी रेघेच्या वरच्या टोकाशी एक धागा उचलला आणि ओढला. मग दुसरा. आपलंच काम उसवताना त्यांचा हात जितका सरळ चालला तितका ते करतानाही चालला नसेल. दहा मिनिटांत वीतभर उघडं पडलं. आत दुमडून घेतलेल्या जुन्या कापडाच्या कडा बाहेर आल्या. धाग्यांची टोकं चपटी, एकमेकांत दाबली गेलेली, आणि त्यांच्यात काळं ग्रीस. धुऊनही ते निघालं नव्हतं, रफूने नुसतं झाकलं होतं.

"खिळ्याला ग्रीस लावत नाहीत," मावशी म्हणाल्या. "कोट अंगात होता. रोलरने बाहीसकट हात घेतलाय."

बाईने तोंडाला पदर लावला नाही. ती नुसती त्या कडेकडे बघत राहिली, जसं माणूस ओळखीच्या अक्षराकडे बघतं.

अधिकाऱ्याने पेन उचललं. "आजी, एक विचारतो. कोट हातात आला तेव्हाच तुम्हाला हे कळलं होतं?"

"हो."

"मग फाटलं कसं, हे विचारलं का नाही?"

हा प्रश्न मास्तरांच्या एकवीस प्रश्नांत नव्हता. चांदणीचा नव्हता, बिनचांदणीचाही नव्हता. मास्तरांनी खिडकीतून मान आत वळवली.

"आमच्या धंद्यात विचारत नाहीत," मावशी म्हणाल्या. "हे मी इतकी वर्षं उत्तर समजत होते. लिहून घ्या, विचारलं नाही. विचारलं असतं तर काम करता आलं नसतं, आणि मला ते करायचं होतं. इतकं अवघड काम कधी आलं नव्हतं. हेही लिहा."

अधिकाऱ्याने लिहिलं. मावशी मग खुर्ची जराशी सरकवून मॅनेजरकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. गिऱ्हाइकाला परवा या म्हणून सांगावं तसा होता.

"सात महिने उशीर झाला, पण आता विचारते. साहेब, हे कसं फाटलं?"

मॅनेजरने अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्याने त्याला वाचवलं नाही. "उत्तर द्या," तो म्हणाला. "मी लिहितोय."

मॅनेजरने वकिलाशी बोलून देतो असं सांगितलं. पण वकिलाशी बोलायची सवड स्टोअरवाल्याला नव्हती. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की हात आत जाऊ नये म्हणून रोलरवर असते ती जाळी तीन महिने काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की पुठ्ठा अडकतो आणि काम रेंगाळतं.

पुढचं कागदोपत्री झालं आणि कागदोपत्री गोष्टींना लागतो तेवढा वेळ लागला. अहवालातलं ते वाक्य गेलं. कारखान्याचं काम त्याच आठवड्यात मावशींकडून गेलं. मास्तरांनी सांगितलेलं सगळं अगदी क्रमाने घडलं, त्यांचा अंदाज नेहमीसारखा बरोबर आला. गल्लीतले लोक आता फाटके कपडे दोन रस्ते सोडून असलेल्या दुकानात द्यायला लागले. तिथे मशीनवर शिवतात आणि दिसतं, पण विचारत नाहीत. मावशी विचारायला लागल्या होत्या. दारात कपडा आला की पहिलं वाक्य तेच. निम्मे लोक कपडा परत घेऊन जात. एका गृहस्थाने आपल्या कॉलरचं कारण अर्धा तास सांगितलं आणि रडून गेला. कॉलर विसरून.

एके दिवशी ती बाई आली. तिच्या हातात दुरुस्त अहवालाची शिक्क्याची प्रत होती आणि काखेत तो कोट, कचेरीतून सोडवून आणलेला.

"हा परत शिवू नका," ती म्हणाली. "पण आणखी उसवू नये असं काहीतरी करा."

मावशींनी कडांना बारीक टाके घालायला घेतले. फाटलेलं फाटलेलंच राहील, वाढणार नाही, एवढंच. बाईने पिशवीतून मास्तरांची यादी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"मास्तर, मग आता सातव्याचं काय?"

मास्तरांनी यादी घेतली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पट्टी लावावी इतकी सरळ रेघ त्याच्यावरून मारली.

"प्रश्न चुकीचा होता," ते म्हणाले. "माझी चूक. प्रश्नच चुकीचा निघाला की तो सोडवणाऱ्या सगळ्यांना त्याचे पूर्ण गुण देतात. तसा नियम आहे."

"ह्यांनासुद्धा?"

"सगळ्यांना."

बाईने मान हलवली, यादी घडी घालून ठेवली आणि कोट घेऊन गेली.

"आणि मला?" मावशींनी सुई पुसत विचारलं.

मास्तर अडखळले. "तुमचा प्रश्न यादीत नव्हताच. मी नव्या आवृत्तीत घालावा म्हणतोय. बाविसावा. 'विचारायला हवं होतं तेव्हा विचारलंस का?'"

"घाला. चांदणी द्या त्याला."

"वर तुम्हाला तो विचारला तर काय सांगाल?"

"कचेरीत सांगितलं तेच. शिक्क्याची प्रत आहे." मावशींनी सुई कागदात टोचली. "पण भाऊजी, मी गेल्यावर आधी मी विचारणार आहे. तीन महिने त्या रोलरवर जाळी नव्हती. मॅनेजरला दिसत होतं, स्टोअरवाल्याला दिसत होतं. वरून तर सगळं स्वच्छ दिसत असेल, भिंगसुद्धा लागत नसेल. त्याने कुणाला विचारलं?"

"देवाला असं विचारत नाहीत, वहिनी."

"का? त्याच्याही धंद्याची रीत आहे का तशी?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. हातात कोट, खिशापासून खाली फाटलेला.

"कसं फाटलं?" मावशींनी विचारलं.

"अडकलं कुठेतरी," तो म्हणाला.

मावशींनी दिवा जवळ घेतला आणि भिंग पुढे ओढलं.

"कुठे?"